हाताचा गुण

रेशन दुकानातल्या यंत्राला शालूबाईचा अंगठा काही पटेना. दुकानदार म्हणाला, मावशी, पुसून लावा. तिनं पदराला पुसून लावला. मग म्हणाला, दाबून लावा. तिनं दाबून लावला. यंत्र आपलं लाल दिवा दाखवत बसलं. मागं रांगेतल्या बायका कुरकुरायला लागल्या तेव्हा दुकानदारानं दुसऱ्या हाताचं बोट घेऊन तांदूळ दिला. भांडी घासून घासून रेघा झिजल्या असतील, असं तो म्हणाला आणि शालूबाईनंही ते मान्य करून टाकलं. अंगठ्याच्या पेरावर ज्वारीच्या दाण्याएवढं एक खरखरीत टेंगूळ आलं होतं खरं. ते तिनं दोनदा कापून काढलं होतं आणि दोन्ही वेळा ते परत आलं होतं. पण त्या टेंगळाचा आणि यंत्राचा काही संबंध असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. माणसाला एकदा आपल्या हाताचा अभिमान वाटायला लागला की त्या हाताकडं बघायचं राहूनच जातं.

अभिमान वाटावा असाच तो हात होता, हेही खरं. शालूबाई शाहूवाडीकडची. तिकडं दिवसभर भाताच्या खाचरात चिखलात उभं राहायचं आणि घरी येताना करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढायची. त्यामुळं घरटी एकाच्या तरी पायात काहीतरी मोडलेलं असायचंच. ते काढून घ्यायला सगळे शालूबाईच्या आईकडं यायचे. आई सुई आणि नहरणी घेऊन ओट्यावर बसायची. नहरणी म्हणजे न्हावी नखं काढायला वापरतो ती, बोटभर लांबीची, पुढं धार असलेली लोखंडी पट्टी. लेकीच्या लग्नात आईनं भांड्यांबरोबर ती नहरणीही दिली.

सासर कोल्हापुरात मिळालं. नवरा गुंडू कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. जड बूट घालून दिवसभर उभं राहणारे त्याचे सोबती रविवारी दारात येऊन बसायचे, कारण सगळ्यांच्या तळपायांना कुरूपं. शालूबाई आधी गरम पाण्यात पाय बुडवायला लावायची, मग मऊ झालेलं कातडं नहरणीनं सोलायची आणि आतला काचेसारखा खडा अलगद उचलून काढायची. लंगडत आलेला माणूस पाय दाबून चालत जायचा. वहिनी, तुमच्या हाताला गुण हाय, असं प्रत्येकजण जाताना म्हणायचा. हे वाक्य ऐकताना ती मान खाली घालायची, पण ते ऐकल्याशिवाय तिचा रविवार गोड व्हायचा नाही.

आता या कुरूपाबद्दल जरा बोललं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण या एका शब्दानं घडवलं. आपल्याकडं तळपायाला काहीही टणक आलं की त्याचं नाव कुरूप. बूट चावून झालेलं असो, आत काटा राहून झालेलं असो, नाहीतर आणखी काही. मानेवर किंवा हातावर येते ती चामखीळ सगळ्यांना ओळखू येते. तीच तळपायाला आली की तिला कुणी ओळखत नाही, तिचंही बारसं कुरूप म्हणूनच होतं. आणि एकच नाव ठेवलं की इलाजही एकच होतो. शालूबाईची चूक म्हणाल तर ही एवढीच, आणि ती एकटीची नव्हती. पण भोगायला मात्र ती एकटीच पुढं आली.

शहराबाहेर कागल रस्त्याला निवृत्त सुभेदार हंबीरराव यांची पोलीस भरतीची अकॅडमी आहे. तिथं राहणाऱ्या मुलींचा स्वयंपाक शालूबाई करायची. पहाटे पोरी मैदानावर अनवाणी पळायच्या, चिखलाच्या पायांनी एकाच न्हाणीघरात शिरायच्या. न्हाणीघराच्या दाराशी रबरी चपलांचा एकच जोड पडलेला असायचा, जी येईल ती तोच पायात घालायची. पावसाळ्यात ती फरशी कधी वाळलीच नाही. त्याच दिवसांत वर्षाराणी नावाची पोरगी टाच वर धरून स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर आली. शालूबाईनं तिचं कुरूप काढलं. सोलल्यावर आत काळे बारीक ठिपके दिसले, रक्तही जरा जास्त आलं. मुळं हायत, म्हणत शालूबाईनं ती मुळं टोकरून काढली. नहरणी पदराला पुसली. तेवढ्यात सोनम आली आणि तिनं आपला उजवा पाय पुढं केला.

सोनम जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातली. कोल्हापुरी पोरींच्या रीतीप्रमाणं ती स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची आणि पळायचीही तशीच, कुणाची परवानगी न घेता. मागच्या भरतीत तिची निवड थोडक्यात हुकली होती. पुढच्या भरतीला ती वयात बसणार नव्हती. म्हणजे ही एकच खेप हातात होती. ग्राऊंडवर, म्हणजे भरतीच्या मैदानी परीक्षेत, पळण्यात तिला जेवढे गुण मिळतील त्यावरच तिचं सगळं ठरणार होतं, आणि हे तिला, सुभेदारांना आणि भाकरी थापणाऱ्या शालूबाईलाही ठाऊक होतं. शालूबाईला मूलबाळ नव्हतं. या पोरीच्या ताटात ती न मागता दुसरी भाकरी टाकायची, यावरून काय समजायचं ते समजावं.

सोनमच्या चवड्याखाली नवीन बूट चावून टणक झालं होतं. शालूबाईनं ते काढलं, सोनम आठवडाभर हरणासारखी पळाली आणि मग सगळ्या पोरींत बातमी झाली की मावशीच्या हाताला गुण आहे.

दिवाळी सरली आणि सोनमचं कुरूप परत आलं. या वेळी ते एकटं आलं नाही, भोवती बारीक बारीक पिल्लंही घेऊन आलं. वर्षाराणीचंही आलं. आणखी दोघीतिघींच्या पायांना नव्यानं आलं. मूळ राहिलं असंल, असं म्हणत शालूबाई जास्त खोल गेली. जेवढं खोल जाईल तेवढं ते पसरत होतं. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते असं. सोनम पळताना पाय वाकडा टाकायला लागली, चवडा वाचवून बाहेरच्या कडेवर भार घ्यायला लागली. सगळी सोंगं आणता येतात, पळण्याचं सोंग आणता येत नाही. ग्राऊंडची तारीख जाहीर झाली त्याच दिवशी सुभेदारांनी शिट्टी फुंकून तिला मधेच थांबवलं आणि तिथंच मैदानात पाय वर करायला लावला. तळवा बघून ते गप्प झाले. सुभेदार गप्प होणं ही त्या मैदानावर नवीनच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्यांच्या ज्यांच्या पायाला काही होतं त्या सगळ्या पोरी शहरातल्या कातडीच्या डॉक्टरकडं पाठवल्या आणि बरोबर बाईमाणूस हवं म्हणून शालूबाईला धाडलं.

डॉक्टर प्रियदर्शनी कांबळे वयानं लहान, पण बोलणं कागलचं, सरळ. तिनं सोनमचा पाय मांडीवर घेतला. गाठीवर वरून दाबलं, सोनम काही बोलली नाही. मग तिनं ती गाठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली आणि सोनम कळवळली. कुरूप असतं तर वरून दाबल्यावर जास्त दुखलं असतं, असं डॉक्टरनं सांगितलं. मग भिंग धरून तळव्यावरच्या रेघा दाखवल्या. आपल्या बोटांवर असतात तशाच बारीक रेघा तळपायावरही असतात. कुरूपावरून त्या सरळ पुढं जातात, पण इथं त्या गाठीपाशी येऊन वळसा घालून जात होत्या.

"हे कुरूप न्हाय. ही चामखीळ हाय," डॉक्टर म्हणाली. "पायाखाली हाय म्हणून वजनानं आत दबल्या, एवढंच. आणि हे काळे ठिपके मुळं न्हाईत. कातड्यातल्या बारीक शिरांत रक्त गोठलंय. मुळं म्हणून हे कुणी टोकरलं?"

एक विषाणू असतो, तो कातडीच्या बारक्या भेगेतून आत शिरतो, असं ती सांगत होती. ओली फरशी, एकमेकींच्या चपला, अनवाणी पाय, त्याला एवढं पुरतं. आणि कापलं, खरवडलं, तेच पातं दुसरीला लावलं, की मग विचारूच नका. हे ऐकता ऐकता शालूबाईनं अंगठा पदरात गुंडाळला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. कारण तिला एक गोष्ट आठवली होती, जी त्या खोलीत दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं. पावसाळ्यात सोनमचं कुरूप पहिल्यांदा सोललं तेव्हा आत काचेसारखा स्वच्छ खडा होता. काळा ठिपका एकही नव्हता. काळे ठिपके होते ते वर्षाराणीच्या टाचेत, आणि तीच नहरणी पदराला पुसून तिनं सोनमच्या चवड्याला लावली होती.

डॉक्टरनं पुन्हा विचारलं, कुणी कापलं. पोरी फरशीकडं बघायला लागल्या.

"मीच," सोनम म्हणाली. "माझं मीच कापलं. ह्यांचं बी मीच कापलं."

डॉक्टरनं तिला चांगलं फैलावर घेतलं. शालूबाई बाजूला उभी राहून ऐकत होती. आपल्या वाट्याचं बोलणं एक पोर खाते आहे आणि आपण उभ्या आहोत, याची लाज तिला त्या क्षणीच वाटली. तोंड मात्र उघडलं नाही.

औषध साधं होतं, पण सबुरीचं होतं. रोज पाय कोमट पाण्यात भिजवायचा, वरचं पांढरं मेलेलं कातडं प्रत्येकीनं आपापल्या कानशीनं हलकं घासायचं, त्यावर आम्लाचं मलम लावून पट्टी चिकटवायची, आणि हे दोन-तीन महिने नेमानं करायचं. गोठवून जाळण्याचाही एक उपाय होता, पण त्यानं फोड येतो, पळणं काही दिवस बंद ठेवावं लागतं आणि एका खेपेत भागेलच असं नाही. डॉक्टर म्हणाली, खूपजणांची आपोआपही जाते, वेळ द्यावा लागतो. वेळ तेवढा सोनमकडं नव्हता.

परतीच्या वाटेवर रिक्षात सोनम शालूबाईच्या कानाशी हळूच म्हणाली, की मावशी, तुमचं नाव कशाला घेऊ, तुम्ही चांगल्यापायीच केलं की.

त्यानंतरचे दिवस तिला खायला उठले. तिनं नहरणी पिठाच्या डब्यामागं टाकून दिली. कुणी पाय घेऊन पायरीवर आली की डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिला परत पाठवायची. अंगठ्याला चिंधी बांधून भाकऱ्या थापायची आणि कुणी विचारलं तर भाजलं म्हणायची. इकडं सोनम औषध लावत होती, पण जीव थाऱ्यावर नसलेल्या माणसासारखं. सकाळी लावायची, संध्याकाळी पट्टी उचकटून बघायची. ग्राऊंड आठवड्यावर आलं आणि गाठ होती तिथंच होती. थोडी मऊ पडली होती, पण दुखायची राहिली नव्हती.

त्या दुपारी पोरी जेवून आडव्या झाल्या होत्या. शालूबाई एकटीच परात घासत होती. सोनम आत आली, तिनं दार लोटलं आणि मूठ उघडली. मुठीत बिब्बा होता. मंडईजवळच्या जडीबुटीच्या दुकानातनं आणला म्हणाली. तिच्या आजीनं फोनवर सांगितलं होतं, की सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि निघालेलं तेल कुरुपावर सोडायचं, दोन दिवसांत जळून जातं.

शालूबाईला बिब्बा चांगला माहीत होता. आईच्या ओट्यावर तिनं एका बाप्याच्या टाचेवर बिब्बा उतलेला पाहिला होता. पाय भोपळ्यासारखा सुजला होता आणि त्या वर्षी त्याच्या खाचरात दुसऱ्यांनी लावणी केली होती. ती नको म्हणाली. डॉक्टरनं सांगितलंय ते कर म्हणाली. सोनमच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"डॉक्टरला काय जातंय? तिला कुठं पळायचंय?" ती म्हणाली. "मावशी, तुमच्या हाताला गुण हाय. पयल्या खेपंला तुम्हीच बरं केलंतं की न्हाय? तुम्ही न्हाय केलं तर मी माझं करतो. स्टोव्ह कुठं हाय ते दावा."

आणि ती खरंच काडेपेटी शोधायला लागली. शालूबाईनं तिचा हात धरला. आता नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं. त्या पोरीचा विश्वास डॉक्टरवर नव्हता, तो या हातावर होता, आणि तो हातावरचा विश्वास मोडल्याशिवाय बिब्बा सुटणार नव्हता. मोडला तर ही पोरगी पुन्हा मावशी म्हणेल की नाही, कामावर राहता येईल की नाही, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिनं अंगठ्याची चिंधी सोडली.

"हा बघ गुण," शालूबाई म्हणाली. "नीट बघ. काळे ठिपके हायत का न्हाईत? तुझ्या पायात हाय तेच माझ्या हातात हाय. तुझं पयलं कुरूपच होतं, सोनम. मी बघितलंय. काचंगत साफ होतं. वर्षाराणीच्या टाचंत घातल्याली नहरणी तशीच तुझ्या पायाला लावली मी. हे तुला देवानं न्हाय दिलं, मी दिलंय."

सोनमनं वाकून तो अंगठा बघितला. मग तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते शालूबाईनं समोर पाहिलं, आणि या खेपेला ती म्हण नुसती म्हण नव्हती.

"तिथं मी तुमच्यासाठी खोटं बोललो," सोनम म्हणाली, "आणि तुम्हाला सगळं ठावं होतं."

बिब्बा परातीत टाकून ती निघून गेली. संध्याकाळी ती पंगतीत बसली, पण तिनं भाकरी घेतली नाही. वर्षाराणीनं विचारलं तर म्हणाली, ह्या हातची नको. नुसता भात खाऊन उठली. एकीचं बघून दुसरीनंही भाकरी बाजूला सारली. थापलेल्या भाकऱ्यांची चळत तशीच राहिली आणि त्या रात्री घरी शालूबाईला घास गिळवेना. गुंडूनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काय न्हाय, हात दुखतोय.

सकाळी तिनं डब्यामागची नहरणी काढली आणि सुभेदारांच्या टेबलावर नेऊन ठेवली. काय घडलं ते सगळं उभ्यानंच सांगितलं. सुभेदारांनी आवाज चढवला, तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. पोरीचं वर्ष गेलं तर तुमच्या नहरणीनं भरून येणार हाय का, असं त्यांनी विचारलं. तिनं न्हाय म्हणून सांगितलं. मग त्यांनी तिला चुलीपासून बाजूला व्हायला सांगितलं आणि गाडी काढून स्वतःच डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर सांगेल ते ऐकून शालूबाईचं काय करायचं ते ठरवणार होते.

डॉक्टरनं अंगठा बघितला आणि ती रागावली नाही, हेच शालूबाईला जड गेलं. अंगठ्यावरच्या रेघा या गाठीनं मोडल्या आहेत, म्हणून रेशनचं यंत्र तुम्हाला ओळखत नसेल, हे तिनं न विचारता सांगितलं. नहरणीनं पसरलं असेलच, पण न्हाणीघराची फरशी आणि तो चपलांचा जोडही त्यात आहे, कुणामुळं कुणाला झालं ते आता कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही, असंही म्हणाली. भाकरीतून हे होत नाही, अंगठ्याला चिकटपट्टी लावून, हात धुऊन खुशाल स्वयंपाक करा म्हणाली. सुभेदारांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

शालूबाईला पळवाट मिळाली होती. ती तिनं घेतली नाही. फरशी बी असंल बाई, ती म्हणाली, पर फरशीला कुणी हाताला गुण हाय म्हणत न्हवतं. मग तिनं एकच विचारलं, की सोनम पळेल असं काही करता येईल का.

डॉक्टर विचार करून म्हणाली, की गाठ एवढ्यात जाणार नाही, पण तिच्यावरचा भार काढता येईल. पोरीला घेऊन या, वरचं जाड कातडं मी स्वच्छ पात्यानं तासून देते. आणि मग तिनं जाड नमद्याची, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीची, चिकट पट्टी घेऊन तिची एक चकती कापून दाखवली, मधे भोक पाडलेली, मेदूवड्यासारखी. गाठ भोकात बसते, भार चकतीवर येतो, वरून चिकटपट्टी आणि बूट. भोक गाठीपेक्षा लहान झालं तर दुखतं, मोठं झालं तर चकती सरकते. हातमोजे घालून करायचं, प्रत्येक वेळी नवीन चकती घ्यायची. शालूबाईनं तिथं बसून चार चकत्या कापल्या. हात कापायचं विसरला नव्हता.

सोनम डॉक्टरकडं सुभेदारांबरोबर गेली, शालूबाईबरोबर जाणार नाही म्हणाली. पुढचे दिवस चकती शालूबाई कापायची आणि सोनमच्या पायाला वर्षाराणी लावायची. भाकऱ्या थापायलाही आता दुसरी बाई येत होती, कारण सुभेदारांनी कितीही सांगितलं तरी पोरींच्या घशाखाली शालूबाईच्या हातची भाकरी उतरत नव्हती. शालूबाई भाजी चिरायची, न्हाणीघर फिनेलनं घासायची. प्रत्येकीला वेगळी चप्पल सुभेदारांनी आणून दिली होती, त्यांवर ती खिळा तापवून नावं कोरायची. मान वर करून कुणाकडं बघायची नाही.

ग्राऊंडच्या दिवशी दिवस उजाडायच्या आधीच सगळ्या अंगणात जमल्या. गाडी सुरू होती. वर्षाराणीला स्वतःचीच घाई. तिनं लावलेली चकती तिरकी बसली होती, सोनम दोन पावलं टाकून थांबली, काढली, दुसरी लावली, तीही सरकली. सुभेदार हॉर्न वाजवायला लागले. शालूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढं व्हावं तर ती झिडकारेल, न व्हावं तर पोरीचं ग्राऊंड जाईल.

सोनमनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा पायाकडं. मग लंगडत पायरीपाशी आली, खाली बसली आणि उजवा पाय पुढं केला. शालूबाईनं हातमोजे चढवले. पाय मांडीवर घेतला, पुसून कोरडा केला, भोक गाठीवर बरोबर बसवलं आणि चिकटपट्टी चवड्यावरून आडवी ओढून घेतली. सोनम उठली, चवडा दाबून बघितला आणि पळत गाडीत चढली.

शालूबाईला त्या दिवशी दुपार जाता जाईना. फोन वाजला की ती धावायची. एकदा गुंडूचा होता, एकदा गॅसवाल्याचा. देवाला काय सांगावं तेही तिला कळेना, कारण देवाला सांगायचं म्हणजे आधी आपलं केलेलं सांगावं लागतं. गाडी परत आली तेव्हा उन्हं कलली होती. पोरी उतरल्या, कुणी हसत, कुणी रडत. सोनम शेवटी उतरली. तिच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली.

शालूबाईनं विचारायचं धाडस केलं नाही. तिनं आधी पायाकडं बघितलं. बुटाच्या कडेनं चिकटपट्टी डोकावत होती, सरकली नव्हती.

"निघालं ग्राऊंड," सोनम म्हणाली. "पैकीच्या पैकी न्हाईत मिळालं गुण. पर निघालं." मग म्हणाली, "राग हाय अजून मला. भूक बी लागल्या. भाकरी थापा तुम्ही."

शालूबाईनं हात धुतले, अंगठ्यावरची चिकटपट्टी दाबून बसवली आणि परातीत पीठ घेतलं. पाणी घालायची गरज आहे की नाही हे तिला समजत नव्हतं, डोळ्यांतून इतकं येत होतं.

सोनमची निवड झाली. तिच्या पायाची गाठ त्यानंतरही बरेच दिवस होती. मलम, भिजवणं, घासणं चालूच राहिलं, आणि ट्रेनिंगला जायच्या आधी एक दिवस तिनं शालूबाईला तळवा दाखवला. चवड्यावरच्या रेघा सलग पुढं गेल्या होत्या, मधे कुठं वळसा नव्हता. शालूबाईच्या अंगठ्याला जास्त वेळ लागला.

उन्हाळ्यात ती रेशनच्या रांगेत उभी होती. दुकानदारानं सवयीनं दुसरं बोट मागितलं. तिनं अंगठाच पुढं केला आणि यंत्रानं तो पहिल्या झटक्यात घेतला. मागं उभी असलेली शेजारीण पुढं वाकली. तिच्या मालकाच्या पायाला कुरूप झालं होतं, चालवत नव्हतं. रविवारी नहरणी घेऊन बसता का, तुमच्या हाताला गुण हाय म्हणत्यात सगळी, असं तिनं विचारलं.

"हाय की," शालूबाई तांदळाची पिशवी उचलत म्हणाली. "लई गुण हाय, आणि तो लागतोय बी. म्हणून तर हात लावत न्हाय. डॉक्टरीणबाईकडं न्या, मी संगट येतो."